मैत्रीची मागणी: केडगावच्या मंडळीचे तीन पत्रव्यवहार

१९१० च्या जून महिन्यात एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली होती. सुमारे बाराशे प्रतिनिधींच्या त्या सभेत आशिया खंडातून आलेले वीस जणही नव्हते. त्यांपैकी एक, तमिळ भाषक व्ही. एस. अझारिया, बोलायला उभे राहिले आणि त्यांनी यजमानांना अवघडून टाकणारी एक मागणी केली. तुमच्या त्यागाबद्दल आमच्या पुढच्या पिढ्या कृतज्ञ राहतील, परंतु आम्हांला तुमचे प्रेमही हवे आहे, आम्हांला मित्र द्या, असा त्यांच्या भाषणाचा समारोप होता. शंभर वर्षे पाश्चात्त्य मंडळ्यांनी हिंदुस्थानात शाळा, दवाखाने व छापखाने उभारल्यानंतर एका देशी ख्रिस्ती माणसाला मैत्री मागावी लागते, ही गोष्ट आम्हांला विचार करण्याजोगी वाटते. देणारा आणि घेणारा यांच्यात उपकाराचे नाते सहज जुळते. मैत्री जुळायला दोन्ही बाजूंकडे देण्यासारखे काहीतरी असावे लागते आणि ते आहे हे दोन्ही बाजूंना मान्य असावे लागते. मग लहान मंडळीने दूरदेशीच्या मंडळीशी मैत्री करावी ती कशाच्या बळावर?

या प्रश्नाचे उत्तर सिद्धान्तात शोधण्यापेक्षा एका मराठी उदाहरणात शोधणे आम्हांला अधिक फलदायी वाटते. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी वसवलेली मुक्ती मिशनची मंडळी हे ते उदाहरण. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली व स्त्रिया धरल्या तर ही वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती, म्हणजे संख्येने ती लहान नव्हती. परंतु तिच्या पाठीशी बिशप नव्हता, कोणताही एक पंथ नव्हता, आणि तिच्यात बहुसंख्य असलेल्या स्त्रियांना जगाच्या लेखी काही किंमत नव्हती. या अर्थाने ती लहानच म्हटली पाहिजे. तरीही तिचे धागे इंग्लंड, अमेरिका आणि थेट चिलीपर्यंत पोहोचले होते. त्यांतील तीन धागे आम्ही येथे उलगडून पाहणार आहोत.

पहिला धागा केडगावच्याही आधीचा आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तेथील अँग्लिकन भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डिन ही रमाबाईंची धर्ममाता. तिच्याशी झालेला पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. पत्रे इंग्रजीत आहेत, पण संबोधन मात्र 'आजीबाई' असे मराठी आहे. एका इंग्रज जोगिणीला आपल्या घरच्या नात्यात ओढून घेणारी ही हाक वरवर लाडिक वाटेल. त्या हाकेच्या आश्रयाने जे लिहिले गेले ते मात्र लाडिक नाही. रमाबाईंनी चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात पुरुषांना शिकवू नये असे बिशपांचे म्हणणे पडले, तेव्हा त्यांनी ते मुकाट्याने मान्य केले नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी शंका काढल्या. आपल्या विवेकावर कोणा धर्मगुरूचा अधिकार नाही, हे स्पष्ट शब्दांत कळवले. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता, आणि त्यामागे संस्कृत ही देववाणी आहे हा जुना अभिमान नसून ती आपल्या देशाची भाषा आहे ही साधी भावना होती.

सिस्टर जेराल्डिनला हे सारे उद्धटपणाचे वाटे. तिची उत्तरे वाचताना तिच्यातील शिक्षिका वारंवार डोके वर काढते. तथापि तिने पत्रे फाडली नाहीत. तिनेच ती जपली, क्रमाने लावली आणि पुढच्यांसाठी ठेवली. आमच्या मते या पत्रव्यवहाराचे महत्त्व येथे आहे. मतभेद लपवून टिकवलेला स्नेह हा बहुधा एका बाजूच्या गरजेवर उभा असतो. येथे मतभेद पुरेपूर बोलले गेले आणि तरीही पत्र पाठवणे थांबले नाही. परदेशी मंडळीशी मैत्री करू पाहणाऱ्या लहान मंडळीला पहिला मोह होतो तो समोरच्याला आवडेल तेच लिहिण्याचा. रमाबाईंची पत्रे त्या मोहावरचा उतारा आहेत.

दुसरा धागा पैशाचा आहे, आणि पैशाचे नाव काढल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. त्यांनी गावोगावी व्याख्याने दिली, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते, तर इतर पदाधिकारी निरनिराळ्या पंथांचे होते. विधवांच्या शिक्षणसंस्थेला दहा वर्षे साहाय्य करण्याचे असोसिएशनने ठरवले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले ते या आधारावर.

या व्यवहारातील दोन गोष्टी आम्हांला लक्षणीय वाटतात. एक म्हणजे साहाय्याला मुदत होती. कायमचे पालकत्व कोणी मागितले नव्हते आणि कोणी देऊ केलेही नव्हते. दुसरी अशी की रमाबाईंनी अमेरिकेकडून केवळ घेतले नाही, त्यांनी तिचे निरीक्षण केले. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेले 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे त्यांचे मराठी पुस्तक म्हणजे ऋणको बाईने धनको देशाचे केलेले मूल्यमापन आहे. त्यात तेथील स्त्रियांच्या संस्थांविषयी मनापासूनचे कौतुक आहे आणि वर्णद्वेषाविषयीची नापसंतीही आहे. ज्याच्याकडून मदत घेतली त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. अर्थात हे नाते निर्वेध नव्हते. शारदासदनातील मुली ख्रिस्ती होऊ लागल्याच्या वार्तेने १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले आणि रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले. दूरचे स्नेही जोडताना जवळचे दुरावले, ही या हकिगतीची दुसरी बाजू आहे. ती झाकून ठेवण्याचे आम्हांला कारण दिसत नाही.

तिसरा धागा सर्वांत नाजूक, आणि सर्वांत दूर गेलेला. १९०४ साली वेल्समध्ये आध्यात्मिक संजीवनाची लाट आल्याचे वृत्त केडगावी पोहोचले. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी विशेष प्रार्थना सुरू केली. जूनपर्यंत सुमारे साडेपाचशे स्त्रिया दिवसातून दोनदा प्रार्थनेला जमू लागल्या होत्या. त्या महिन्याच्या अखेरीस एका रात्री एक मुलगी आपल्या अंगात आग उतरल्याच्या अनुभवाने जागी झाली. तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ती ओतणार एवढ्यात तिच्या ध्यानात आले की मुलगी जळत नाही. या घटनेचा अर्थ प्रत्येक वाचकाने आपापल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. आमचे कुतूहल त्या बादलीपाशी थांबते, कारण तेवढ्या एका तपशिलामुळे ही हकीगत उपदेश न राहता साक्ष होते.

ही साक्ष रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट बाईंनी १९०६ मध्ये एका इंग्रजी पुस्तिकेत लिहिली. पुस्तिकेची एक प्रत चिलीमधील वाल्पाराइसो या बंदरात गेली. तेथील मेथडिस्ट मंडळीचे पाळक विलिस हूवर यांची पत्नी ही एब्रम्सबाईंची शिकागोतील प्रशिक्षण शाळेतली वर्गमैत्रीण. १९०७ मध्ये पुस्तिका हाती आली तेव्हा वाल्पाराइसो आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधील भूकंपाने उद्ध्वस्त झालेले होते आणि मंडळीचे मंदिरही पडलेले होते. हूवर दांपत्याने पुस्तिका वाचली, अधिक माहितीसाठी पत्रव्यवहार केला, मंडळी प्रार्थनेला लागली. १९०९ मध्ये तेथे केडगावसारखेच संजीवन झाले. मेथडिस्ट वरिष्ठांना ते रुचले नाही, आणि १९१० मध्ये चिलीची स्वतंत्र पेंटेकॉस्टल चळवळ जन्माला आली. चिलीतील बहुसंख्य प्रॉटेस्टंट आज या परंपरेचे आहेत. आपल्या चळवळीचा इतिहास सांगताना तेथील लोक हिंदुस्थानातून आलेल्या पुस्तिकेचा उल्लेख करतात.

येथे देण्याघेण्याची नेहमीची दिशा उलटलेली दिसते. केडगावाने चिलीकडे काही मागितले नव्हते. आपल्याकडे काय घडले एवढेच कळवले होते. मागणीपत्राला उत्तर म्हणून धनादेश येतो किंवा नकार येतो. अनुभव कळवणाऱ्या पत्राला उत्तर म्हणून दुसऱ्याचा अनुभव येतो. अझारियांनी ज्या वर्षी एडिंबरोला मैत्री मागितली त्याच वर्षी चिलीतली ही मंडळी आपल्या पायांवर उभी राहत होती. परिषदेच्या सभागृहाबाहेर दोन वर्गमैत्रिणींच्या ओळखीतून असे काही साधले गेले होते.

तरीही आम्ही या कथेचा गौरव करून थांबणार नाही, कारण तिच्यात एक पोकळी आहे. केडगावची ती मुलगी आणि वाल्पाराइसोतली एखादी चिलियन स्त्री यांनी एकमेकींना पत्र लिहिले नाही. एकीची भाषा मराठी, दुसरीची स्पॅनिश, आणि दोघींमधला रस्ता इंग्रजीतून, अमेरिकन माणसांच्या हातांतून गेलेला. पुस्तिकेत बादली घेऊन धावणारी मुलगी आहे, तिचे स्वतःचे लेखन नाही. ज्यांच्या अनुभवावर मैत्री उभी राहिली त्यांचाच आवाज मैत्रीच्या दप्तरात नसावा, ही उणीव केवळ केडगावची नाही. मिशनच्या जवळजवळ सर्व कागदपत्रांची ती उणीव आहे.

आजच्या लहान मराठी मंडळीपुढे प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. परकीय निधीवर १९७६ पासून कायद्याचे नियंत्रण आहे, २०१० च्या कायद्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी ते अधिक कडक झाले आहे, आणि परदेशी नाते म्हटले की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनात प्रथम पैसाच येतो. अशा वेळी पैशाखेरीज आपल्याकडे सांगण्यासारखे काय आहे, हा प्रश्न मंडळीने स्वतःला विचारणे भाग आहे. रमाबाईंच्या उदाहरणावरून आम्हांला एवढे सुचते की मतभेद असेल तर तो लिहावा, साहाय्य घेतले तर त्याची मुदत ठरवावी, आणि गरजेच्या यादीआधी आपल्या अंगणात काय घडते आहे ते कळवावे. शक्य असेल तर ते ज्यांच्या बाबतीत घडले त्यांच्याच हाताने, त्यांच्याच भाषेत लिहवून घ्यावे. भाषांतर मागाहून करता येते. मूळ पत्रच लिहिले गेले नाही तर पुढच्या पिढीच्या हाती पुन्हा दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेली पुस्तिका येईल, आणि बादली घेऊन धावणाऱ्या मुलीचे नाव तिलाही कळणार नाही.