एकोणतीस मिनिटांचा पाऊस

७ ऑक्टोबर १९८६ रोजी अमेरिकेत स्लेयर या कॅलिफोर्नियातल्या चौघांच्या बँडचा तिसरा अल्बम प्रसिद्ध झाला. नाव ‘रेन इन ब्लड’. त्यात गाणी दहा, आणि सगळी मिळून वेळ जेमतेम २९ मिनिटे. अल्बम इतका आटोपशीर होता की कॅसेट काढताना दोन्ही बाजूंवर तोच पुरा भरला गेला. एक बाजू संपली की कॅसेट उलटायची आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकायचे. ‘रेन’ म्हणजे राज्य करणे, आणि शेवटच्या ‘रेनिंग ब्लड’ या गाण्यातले ‘रेन’ म्हणजे पाऊस. इंग्रजी स्पेलिंगमधली ही कोटी देवनागरीत आपोआप विरघळते. आपल्या लिपीत दोन्ही एकच.

थ्रॅश मेटल हा प्रकार मराठी वाचकाला बहुधा ऐकीव असतो आणि तोही तक्रारीच्या रूपात: कर्कश, भरधाव, अर्थहीन. या लेखात मला तीन प्रश्नांचा विचार करायचा आहे. या अल्बमने संगीतात नेमके नवे काय केले, ते नवेपण इतक्या दूरवर कसे पोचले, आणि त्यासोबत आलेल्या हिंसेचे आपण काय करायचे.

‘थ्रॅश’ हा शब्द मुळात शेतातला. इंग्रजीतला ‘थ्रॅश’ म्हणजे झोडपणे आणि ‘थ्रेश’ म्हणजे मळणी करणे, हे एकाच शब्दाचे दोन उच्चार. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या काही पोरांनी ब्रिटिश हेवी मेटलची गिटार आणि अमेरिकन हार्डकोर पंकचा वेग एकत्र आणला. मोटरहेड आणि व्हेनम हे बँड एका हाताला, ब्लॅक फ्लॅग आणि डी.आर.आय. दुसऱ्या हाताला. मेटॅलिकाचा ‘किल एम ऑल’ आणि स्लेयरचा ‘शो नो मर्सी’ हे दोन्ही पहिले अल्बम १९८३चे. स्लेयरकडे तेव्हा पैसे नव्हते. गायक टॉम अराया रुग्णालयात श्वसनोपचाराचे काम करत असे. त्याची बचत आणि गिटारवादक केरी किंगच्या वडिलांकडून घेतलेली उसनवारी यांतून तो अल्बम उभा राहिला. अरायाचा जन्म चिलीचा, ड्रमर डेव्ह लोंबार्डोचा क्युबाचा. दुसरा गिटारवादक जेफ हॅनमन हा पंकचा भक्त. या संगीताला ‘गोऱ्या पोरांचा धिंगाणा’ म्हणणाऱ्यांनी ही नावे एकदा नीट वाचावीत.

१९८६ हे थ्रॅशच्या सुगीचे वर्ष. मार्चमध्ये मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आला. त्यात आठ-आठ मिनिटांची गाणी, एकावर एक रचलेल्या गिटारी, मध्येच शांत होणारे प्रदेश. प्रबंधकाव्याची झेपच म्हणा ना. स्लेयरनेही आदल्या वर्षीच्या ‘हेल अवेट्स’मध्ये लांबलचक गाणी आणि घुमणारा नाद यांचाच मार्ग धरला होता. ‘रेन इन ब्लड’मध्ये त्यांनी तो सोडला. हा बदल घडवण्यात निर्माता रिक रुबिन याचा वाटा मोठा होता. रुबिन हा हिप-हॉपचा माणूस. न्यू यॉर्कमधल्या विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीतून त्याने डेफ जॅम ही कंपनी सुरू केली होती; एल.एल. कूल जे आणि बीस्टी बॉइज हे तिचे कलावंत. मेटलचा अल्बम त्याने यापूर्वी केला नव्हता. हिप-हॉपमध्ये ठोका कानाजवळ, कोरडा आणि स्पष्ट लागतो. रुबिनने आणि ध्वनिमुद्रक अँडी वॉलेसने तोच हिशेब इथे लावला. त्यांनी घुमारा काढून टाकला.

हे साधे वाटते, पण सगळी मेख इथेच आहे. त्या काळच्या मेटलमध्ये ड्रम देवळाच्या गाभाऱ्यात वाजवल्यासारखा घुमत असे; भव्यपणाची ती ठरलेली युक्ती होती. आता हिशेब करून पाहा. लय मिनिटाला २१०च्या आसपास मात्रांची आहे आणि गिटार प्रत्येक मात्रेत चार आघात करते, म्हणजे सेकंदाला १४ आघात. एका आघाताचा घुमारा एक सेकंद जरी रेंगाळला, तरी तो पुढच्या १४ आघातांवर सांडणार आणि सगळ्याचा काला होणार. घुमारा गेला तेव्हा प्रत्येक आघात सुटा ऐकू येऊ लागला. झाल्यात सतारीची चिकारी जशी सुटी ऐकू यायला हवी, तसेच हे. वेग थ्रॅशमध्ये आधीही होता. या अल्बमने तो वाचता येईल इतका स्वच्छ केला. मळणीत दाणा वाढत नाही, टरफल तेवढे जाते.

वजाबाकी इतर ठिकाणीही झाली. ‘नेक्रोफोबिक’ हे गाणे पावणेदोन मिनिटांच्या आत संपते. अरायाने सूर लावणे जवळजवळ सोडले. तो शब्द एका पट्टीत, तोडून तोडून फेकतो. स्वररचनेतही विसावा नाही. आपल्या रागसंगीतात एकाच स्वराची शुद्ध आणि विकृत रूपे सहसा लागोपाठ घेत नाहीत; ललतमधले दोन मध्यम लगोलग येतात तेव्हा कान चपापतो आणि त्या रागाची सगळी ओढ त्या चपापण्यात असते. हॅनमन आणि किंग यांच्या रचना अशा लगतच्या अर्ध्या-अर्ध्या स्वरांवरूनच सरकतात आणि षड्जावर येऊन सुटका देत नाहीत. त्यांचे एकलवादन तर स्वरावलीच झुगारते. तो एक किंचाळणारा ओरखडा असतो. या सगळ्याला तोलून धरतो लोंबार्डो. दोन पायांनी दोन बेस ड्रम वाजवताना त्याची लय यंत्रासारखी वाटत नाही, तिच्यात किंचित झोल आहे, आणि म्हणून हे संगीत माणसांनी वाजवले आहे याचा विसर पडत नाही.

या अल्बमची ताकद मला नव्वदच्या दशकात नागपुरात कळली ती एका तांत्रिक कारणाने. सीताबर्डीवर रिकाम्या कॅसेटवर गाणी भरून देणारी दुकाने होती, आणि मित्रांच्या हातून हिंडत आलेली प्रत ही प्रतीची प्रत असे. प्रत्येक वेळी वरचे स्वर थोडे झडत आणि मागची सळसळ थोडी वाढे. थरांवर थर असलेले अल्बम या प्रवासात चिखल होऊन पोचत. ‘रेन इन ब्लड’ मात्र पोचला. त्यात पुसून जाण्याजोगे नक्षीकाम मुळातच नव्हते.

आता हिंसेचा प्रश्न. अल्बमचे पहिलेच गाणे ‘एंजल ऑफ डेथ’ हे ऑशविट्झच्या छळछावणीतला नाझी डॉक्टर योझेफ मेंगेले याच्यावर आहे. जुळ्या मुलांवर आणि इतर कैद्यांवर त्याने केलेले प्रयोग गाण्यात शस्त्रक्रियेच्या थंडपणाने सांगितले आहेत. कोठेही धिक्काराचा शब्द नाही. डेफ जॅमची वितरक कोलंबिया कंपनीने हे गाणे आणि लॅरी कॅरॉलचे बीभत्स मुखपृष्ठ पाहून अल्बम नाकारला. अखेर गेफेन कंपनीने वितरण केले, पण आपल्या अधिकृत यादीत त्याचे नाव घातले नाही. बँडवर नाझीप्रेमाचा आरोप झाला. मेंगेले वाईट होता हे इतके उघड आहे की ते मी सांगायची गरज नाही, अशा आशयाचे उत्तर हॅनमनने दिले.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आला आणि सेन्सॉरशी झगडत उच्च न्यायालयात पोचला. दाखवणे म्हणजे पुरस्कार करणे का, हा प्रश्न आपण तेव्हा पुरेसा चघळला आहे. त्या न्यायाने ‘एंजल ऑफ डेथ’चा बचाव करता येतो आणि मी तो करतो. धिक्काराचे एक कडवे जोडले असते तर ऐकणाऱ्याची सुटका झाली असती. ती न देणे हेच त्या गाण्याचे नैतिक काम आहे.

पण बचाव इथेच थांबतो. ढसाळ ज्या वस्तीबद्दल लिहीत होते, तिच्यात ते वाढले होते. हॅनमनचे वडील दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढले होते, आणि हॅनमन नाझी पदके जमवणारा संग्राहक होता. त्याची उत्सुकता बाहेरून पाहणाऱ्याची. बँडच्या चाहत्यांच्या मंडळाचे नाव तर जर्मन सैन्याच्या नावावर कोटी करून ठेवलेले. गाण्यातला थंडपणा अर्थपूर्ण आहे. पण तीच चिन्हे टी-शर्टावर आणि पाटीवर येतात तेव्हा तो अर्थ उरत नाही, नुसती मिरवणूक उरते. कलाकृतीला दिलेली सूट तिच्या शोभेच्या सामानाला आपोआप लागू होत नाही, असे माझे मत आहे.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या अल्बमची पद्धत त्याच्या विषयापासून सुटी होऊ शकली. फ्लॉरिडातल्या डेथ आणि मॉर्बिड एंजल या बँडांनी त्यातला वेग आणि अर्धस्वरांची भाषा घेऊन डेथ मेटल उभे केले, हा सरळ वारसा झाला. आडवा वारसा अधिक बोलका आहे. १९८८ साली डेफ जॅमवरच्याच पब्लिक एनिमी या कृष्णवर्णीय राजकीय हिप-हॉप गटाने ‘एंजल ऑफ डेथ’मधला गिटारचा तुकडा उचलून टीव्हीच्या व्यसनावर कोरडे ओढणाऱ्या ‘शी वॉच चॅनल झीरो’ या गाण्याखाली वाजवला. वंशश्रेष्ठत्वाच्या वेडाने पछाडलेल्या डॉक्टरावरचे गाणे, आणि त्याचा कणा काळ्या माणसांच्या बंडखोर अल्बममध्ये! २००१ साली टोरी एमॉस या गायिकेने ‘रेनिंग ब्लड’ पियानोवर गाऊन त्याचा अर्थच फिरवला.

ब्राझीलमध्ये बेलो होरिझोंते या खाणींच्या प्रदेशातल्या शहरात सेपुल्तुरा नावाचा बँड होता. स्लेयरचा ठसा त्यांच्या सुरुवातीच्या अल्बमांवर उघड दिसतो. १९९३च्या त्यांच्या ‘केऑस ए.डी.’चा निर्माता तोच अँडी वॉलेस. त्यातल्या ‘मॅनिफेस्ट’ या गाण्याचा विषय आहे २ ऑक्टोबर १९९२ रोजी साओ पाउलोच्या कारांदिरू तुरुंगात पोलिसांनी मारलेले १११ कैदी. कोरडा, जवळचा, विसावा न देणारा नाद तोच; पण इथे गाणाऱ्यांचा देश तोच, आणि गाणे मेलेल्यांच्या बाजूने उभे आहे.

महाराष्ट्रात हे संगीत आले ते प्रामुख्याने मुंबईत. धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकसारखे महोत्सव भरत, कॉलेजांच्या स्पर्धा होत. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनाचा आवाज बंद झाला. याच वातावरणात १९९८ साली सेप्टर हा थ्रॅश बँड मुंबईत उभा राहिला. त्यांचा २०१३चा ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ हा अल्बम सबंधच्या सबंध स्त्रियांवरील अत्याचार या विषयाभोवती रचलेला आहे. ऑशविट्झच्या गाण्यासाठी घडवलेली हत्यारे इथे आपल्या घरातल्या आणि रस्त्यावरच्या हिंसेकडे वळली. स्लेयरने जो शब्द उच्चारायचे टाळले, तो या मंडळींनी उच्चारला. कलेच्या दृष्टीने ‘रेन इन ब्लड’ वरचढ आहे यात शंका नाही. पण ती पद्धत इथल्या मातीत कशासाठी वापरता येते, हे दाखवण्याचे श्रेय सेप्टरचे.

नागपूरकराला हे समजायला आणखी एक दाखला हाताशी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८०च्या दशकापासूनची ही प्रथा. मुद्दाम कुरूप केलेले पुतळे, सोबत चालू राजकारणावर आणि महागाईवर ताशेरे ओढणारे बडगे, कान बधिर करणारे ढोल-ताशे आणि इडापिडा घेऊन जाण्याची हाक. त्या गर्दीतला कोणीही मारबतीचा भक्त नसतो. कुरूपाची मिरवणूक ही कुरूपाची पूजा नव्हे, हे या शहराला कोणी शिकवावे लागत नाही.

मात्र मारबतीच्या मिरवणुकीला शेवट असतो. वेशीबाहेर नेऊन तिला जाळतात आणि माणसे हलकी होऊन घरी परततात. ‘रेन इन ब्लड’ जाळत नाही. शेवटच्या गाण्यात वाद्ये एकाएकी कोसळतात आणि उरतो तो नुसता पावसाचा आवाज, बराच वेळ. पुतळा तसाच रस्त्यात उभा. त्याचे काय करायचे हे स्लेयरने ऐकणाऱ्यावर सोडले. पब्लिक एनिमीने, सेपुल्तुराने आणि आपल्याकडे सेप्टरने तो आपापल्या वेशीपर्यंत ओढत नेला. एखाद्या अल्बमचा प्रभाव मोजायचा तर त्याची नक्कल किती जणांनी केली यापेक्षा त्याने अर्धे ठेवलेले काम किती जणांनी पुढे नेले, हे पाहावे. त्या मापाने या २९ मिनिटांचे काम आज चार दशकांनंतरही चालू आहे.