नागपूरच्या पाटल्या आणि विलायतेचें कंकण

दागिन्यांचा इतिहास हा बायकांचा विषय म्हणून आम्ही मास्तरमंडळी सोडून देतों. परंतु नागपूरपुरतें तरी तसें करून चालणार नाहीं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळीं विलायतेंतील स्त्रिया दोन्हीं मनगटांत सोन्याचीं रुंद कंकणें घालीत. अल्बर्टनें राणीला वाङ्‌निश्चयाची अंगठी सर्पाकृति दिली, आणि मनगटाला विळखा घालणारे सोन्याचे साप लोकप्रिय झाले. प्रिय माणसाचे केस गुंफूनहि कंकणें करीत. आपल्याकडे हें ऐकूनच कोणी स्नान करील! १८६१ त अल्बर्ट वारला, तेव्हां व्हिटबीच्या काळ्या जेटला भाव चढला.

हा थाट मध्यम स्थितींतील कुटुंबांना परवडूं लागला, त्याला यंत्राच्या साच्याप्रमाणें १८५४ चा कायदाहि कारण झाला. बावीस व अठरा कॅरटांखेरीज पंधरा, बारा आणि नऊ कॅरटांचें सोनेंहि त्यानें मान्य केलें. नऊ कॅरट म्हणजे रुपयांत सहा आणे सोनें! आपल्या गोठांतहि लाख भरतात, पण वरचें सोनें कसाला उतरावें लागतें. कारण शोभेबरोबर तें बाईचें स्त्रीधन असतें.

त्याच १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. तिसरे रघोजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले होते, आणि डलहौसीनें दत्तकाचा हक्क नाकारला. शाळेच्या पुस्तकांत हें प्रकरण येथेंच आटोपतें. वाड्यांतील बायकांचें पुढें काय झालें तें त्यांत नसतें. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलांवांत कवडीमोलानें गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारीं रवाना झालें. दुसऱ्या रघोजींच्या वृद्ध विधवा बाकाबाई यांनीं, सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असें बजाविलें. परंतु उपाय चालला नाहीं. राण्या म्हणत, ही आमची खासगी दौलत. सरकार म्हणे, ही राज्याबरोबर आली. विक्रीचा पैसा घराण्याच्या निर्वाहासाठीं ‘भोसला फंड’ म्हणून ठेवण्यांत आला. बाईचा दागिना विकून त्यांतून तिलाच पोटगी द्यावयाची, याला न्याय म्हणणें मला जमत नाहीं.

विशेष हें कीं, अवघ्या तीन वर्षांपूर्वीं, १८५१ त, लंडनच्या हाइड पार्कांतील प्रदर्शनांत हिंदी कारागिरांच्या कामाची तोंड भरून वाहवा झाली होती. हिंदी घाटाचे दागिने पुढें तिकडच्या फॅशनींतहि शिरले. इकडे खेड्यापाड्यांतून राणीछाप रुपयांना कडी लावून माळा झाल्या. ज्या राणीच्या नांवानें राज्य चाललें तिचा मुखवटा आमच्या बायकांच्या गळ्यांत आला. त्यांच्या लेखीं मात्र ती चोख चांदी होती, एवढेंच.

२०२५ सालीं महाराष्ट्र सरकारनें लंडनच्या लिलांवांतून पहिल्या रघोजींची तरवार विकत घेऊन परत आणली. पात्यावर त्यांचें नांव सोन्यानें देवनागरींत लिहिलेलें होतें, म्हणून ती कोणाची हें ओळखतां आलें. पाटल्यांवर नांव घालण्याची आपल्याकडे चाल नव्हती.