आंग्रिया, श्री संभाजी
‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन : ॲट वर्ल्ड्स एंड’ (२००७) या अमेरिकी विनोदी साहसपटातील हिंदी महासागराचा चाचेसरदार. दिग्दर्शक गोर व्हर्बिन्स्की. अभिनेते मार्शल मनेश.

पात्राचे नाव मराठा आरमाराचे सरखेल (प्रमुख) कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांचे पुत्र संभाजी यांच्यावरून घेतलेले दिसते. संभाजींचे थोरले बंधू सेखोजी यांच्या मृत्यूनंतर (१७३३) भाऊबंदकी वाढून १७३५ मध्ये दौलतीची वाटणी झाली : सरखेलपद व विजयदुर्ग संभाजींकडे, कुलाबा (अलिबाग) बंधू मानाजींकडे. त्याच वर्षी संभाजींच्या आरमाराने ‘डर्बी’ हे इंग्रजी जहाज पकडले. दस्तक (परवाना) न घेणारी जहाजे अडवणे हा आंग्रे आपला अधिकार मानत; ईस्ट इंडिया कंपनी त्याला चाचेगिरी म्हणे. पडद्यावर आला तो कंपनीचाच आंग्रिया.

चाच्यांच्या सभेतील नऊ सरदारांपैकी हा एक. दाढी, पगडी, भरजरी पोशाख. सोबतची माणसेच त्याच्या वतीने बोलतात. अखेर तो स्वतः तोंड उघडतो तेव्हा भारदस्त देहातून चिरका आवाज निघतो. सारा विनोद एवढाच. मराठा आरमाराचा संदर्भ कथेत नाही.

जागतिक व्यावसायिक चित्रपटात आंग्रे घराण्याचे नाव येण्याचे हे विरळ उदाहरण. कान्होजींची समाधी अलिबागेत असून मुंबईतील ‘आयएनएस आंग्रे’ या नौदल तळाला त्यांचे नाव आहे. (पहा : आंग्रे घराणे, कुलाबा किल्ला, मराठा आरमार.)