उभ्या मोटारीचा इतिहास



मोटार चालवितां येणारे लोक आज गांवोगांव आहेत. परंतु कांहीं आठवडे उभी राहिलेली मोटार चालूं कां होत नाहीं, हें शोधून काढणारे थोडेच. मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पळसदरीच्या आसपासच्या शाळांतून मुलांना इतिहास व गणित शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. तरी हा विषय आज निवडण्यास जें कारण घडलें, तें प्रथम सांगतों.

1920 सालीं नव्हे, अगदीं अलीकडे, 2020 सालीं मार्च महिन्याच्या 25 तारखेपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. कर्जतहून खोपोलीकडे जाणारी लोकल ही आम्हां पळसदरीकरांची नेहमींची वाट. तीहि सामान्य प्रवाशांस बंद होती. माझी लहानशी जुनी मोटार घराशेजारच्या पत्र्याखालीं उभी होती ती उभीच राहिली. जुलैंतील एका रात्रीं, पाऊस कोसळत असतां, शेजारच्या गृहस्थांच्या छातींत कळ आली. मी धांवत जाऊन मोटारींत बसलों व किल्ली फिरविली. आंतून केवळ ‘टक टक टक’ असा आवाज आला. मीं पुन्हां किल्ली फिरविली; पुन्हां तेंच. घाबरून पंधरावीस वेळां तरी फिरविली असेल, आणि दरवेळीं तो आवाज अधिकाधिक क्षीण होत गेला. मग चार तरुण मुलें धक्का मारण्यास आलीं. पण चाकें हलेनात. मार्चमध्यें ओढून ठेवलेला हातब्रेक ओलीनें व गंजानें जागींच धरला होता. अखेर दूध नेणाऱ्या एका टेम्पोंतून त्यांना दवाखान्यांत नेलें. ईश्वरकृपेनें ते वांचले. परंतु चाळीस मिनिटें फुकट गेलीं. त्या चाळीस मिनिटांचें ओझें माझ्या मनावरून उतरलें नाहीं.

इतिहासाच्या मास्तरास एक खोड असते. अडचण आली कीं ती कोठून आली, हें तो मागें जाऊन पाहतो. मीहि तसेंच केलें.

कार्ल बेंझ यांनीं 1886 सालीं आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें. पुढें 1888 च्या ऑगस्टांत त्यांच्या पत्नी बर्था या दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीस न सांगतां, ती मोटार जर्मनींतील मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत घेऊन गेल्या. अंतर सुमारें शंभर किलोमीटर. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनीं टोपीच्या टाचणीनें मोकळी केली. ठिणगीच्या तारेचें वेष्टण गेलें, तेव्हां पायमोज्याचा बंद काढून तारेस गुंडाळला. इंधन संपलें, तें वीसलोख गांवच्या औषधाच्या दुकानांतून विकत घेतलें. मोटारीस जगण्यास काय लागतें, तें या एका प्रवासांत कळून येतें: इंधन, हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी.

ठिणगीचा प्रश्न पुरता सुटला तो 1902 सालीं. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास जोडलेला प्लग तयार केला. तरीहि एंजिनास पहिली गति मनुष्याच्या दंडानेंच द्यावी लागे. पुढें लोखंडी हँडल घालून तें जोरानें फिरवावयाचें. एंजिनानें उलटा हिसका दिला तर मनगट मोडे. म्हणून आंगठा मुठीभोंवतीं न वळवितां बोटांच्याच बाजूस ठेवावा, असें शिकविलें जाई. हें संकट चार्ल्स केटरिंग यांनीं दूर केलें. त्यांचा विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक मोटारींत बसला. गॅस्तों प्लांते यांनीं 1859 सालीं शोधलेली शिशाची बॅटरी आतां दंडाचें काम करूं लागली.

आपल्याकडेहि ही परंपरा आली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी 1944 सालीं स्थापन झाली व कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी निघूं लागल्या. जुन्या जीपगाड्यांना हँडल असे, तें माझ्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें आहे. पुढें हँडल गेलें. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत किल्लीच्या मुठींत इलेक्ट्रॉनिक खूण आली. ती जुळली नाहीं तर एंजिन चालूं होत नाहीं. चोराचा बंदोबस्त झाला, तसाच कधीं कधीं धन्याचाहि.

हा क्रम मांडला तेव्हां एक गोष्ट माझ्या ध्यानीं आली. प्रथम इंधन, मग ठिणगी, मग बॅटरी, मग किल्लीची खूण, अशी मोटार घडत गेली. दोष शोधावयाचा तो याच्या उलट क्रमानें. जें शेवटीं आलें, तें आधीं तपासावें. नियम अपवादरहित नाहीं. परंतु मागाहून आलेल्या सोयीच स्वस्थ उभ्या मोटारींत प्रथम दुबळ्या होतात, आणि त्याच तपासण्यास सोप्याहि असतात.

दुसऱ्या दिवशीं कर्जतहून आलेल्या मिस्त्रीनें नेमकें हेंच केलें. त्यानें किल्ली फिरवून समोरचे दिवे पाहिले. खुणेचा दिवा ठीक होता. मग बॅटरीस मीटर लावला. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखविते. माझी 12 च्या बरीच खालीं होती. याचें गणित सोपें आहे. मोटार बंद असली तरी घड्याळासारख्या गोष्टींना थोडी वीज लागतेच. ती 30 मिलिअँपिअर धरली तर दिवसास पाऊण अँपिअर-तासाच्या जवळपास खर्च होतो. 35 अँपिअर-तासांची बॅटरी दीड महिन्यांत रिकामी ! माझी तर साडेतीन महिने उभी होती. तींत उरलेली थोडी वीज मीं घाबरून किल्ली फिरवूनच संपविली.

मिस्त्रीनें दुसरी बॅटरी जोडली: लाल तार लालास, आणि काळ्या तारेचें शेवटचें टोंक बॅटरीपासून दूर, एंजिनाच्या उघड्या धातूस, कारण बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु ठिणगीनें पेट घेतो. एंजिन जोमानें फिरलें, पण पेटेना. येथें मी असतों तर बॅटरीसच दोष देत बसलों असतों. मिस्त्रीनें प्लगची ठिणगी पाहिली. ती उत्तम होती. मग त्यानें मागच्या बाजूस कान लावला. किल्ली फिरवितांच इंधनपंपाची जी बारीक गुणगुण ऐकूं यावयाची, ती नव्हती. पंपाची तार उंदरानें कुरतडली होती. तार जोडली, एंजिन गुरगुरलें. दोष एक नसून दोन होते, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलल्यामुळें ते दोन्ही सांपडले.

आवाजहि बोलतात. कांहींच आवाज नाहीं व दिवेहि नाहींत, तर बॅटरी मेलेली अथवा तिच्या टोंकांवर पांढरें किटण बसलेलें. भराभर ‘टक टक’ होत असेल, तर बॅटरी अशक्त. दिवे लख्ख आणि एकच ‘टक’, तर स्टार्टर अथवा त्याची जोडणी. एंजिन फिरतें पण पेटत नाहीं, तर ठिणगी अथवा इंधन. पेट्रोलांत आतां इथेनॉल मिसळतात व तें दमट हवेंतील ओल शोषून घेतें. आमच्या घाटाखालच्या पावसाळ्यांत टाकींतलें जुनें पेट्रोलहि संशयास पात्र ठरतें.

मोटार उभी ठेवावी लागली तर बॅटरीची काळी तार सोडवून ठेवावी. सपाट जागीं हातब्रेक न ओढतां गिअर घालून चाकांस दगड लावावे. आठपंधरा दिवसांनीं नुसती चालूं करून बंद करूं नये. अर्धा तास तरी फिरवून आणावी, म्हणजे गेलेली वीज भरून येते.

आतां दर रविवारीं सकाळीं मी मोटार कर्जतपर्यंत व त्याहि पुढें फिरवून आणतों. शेजारचे ते गृहस्थ माझ्याशेजारीं बसलेले असतात. त्या रात्रीबद्दल त्यांनीं मला कधीं बोल लाविला नाहीं. निघण्यापूर्वीं मात्र हंसत विचारतात, “मास्तर, आज काय आवाज आला ?”