ध्रुवीय प्रकाश व कुलाबा–अलिबाग वेधशाळा

सूर्याकडून येणाऱ्या विद्युत् भारित कणांच्या प्रवाहामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षुब्ध होते. त्यातून वेग मिळालेले इलेक्ट्रॉन ध्रुवांभोवतीच्या उच्च वातावरणातील अणुरेणूंवर आदळले म्हणजे ते दीप्तिमान होतात. या आविष्कारास ध्रुवीय प्रकाश म्हणतात. ऑक्सिजनामुळे सु. १०० ते १५० किमी. उंचीवर हिरवा व २०० किमी.हून अधिक उंचीवर तांबडा प्रकाश निर्माण होतो. तीव्र चुंबकीय वादळात हा पट्टा विषुववृत्ताकडे सरकतो. परंतु पृथ्वीच्या वक्रतेमुळे दूरच्या निरीक्षकास त्याचा वरचा तांबडा भागच क्षितिजालगत दिसतो. मुंबई (सु. १९° उ.) किंवा खानदेशातील रावेर (सु. २१° उ.) येथे असा योग अत्यंत विरळ होय. त्यामुळे महाराष्ट्रातील या आविष्काराचा इतिहास मुख्यतः चुंबकीय नोंदींत आढळतो.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापिलेल्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन व रिचर्ड हॉजसन यांनी सूर्यावर तेजस्वी ज्वाला पाहिली. दुसऱ्या दिवशी कुलाब्यास क्षेत्राचा क्षैतिज घटक सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घटला. यूरोपातील अनेक आलेख मापनकक्षेबाहेर गेले असल्याने ही नोंद मोलाची ठरली. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष सिंग लखिना व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तिच्या आधारे वादळाची तीव्रता अनुमानिली. या घटीत कोणत्या विद्युत् प्रवाहाचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर प्रत्यक्ष मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे वृत्त तत्कालीन वृत्तपत्रात आले. मुंबई–एडन समुद्री तारेवरील संदेशवहनातही व्यत्यय आला.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरल्यामुळे ही मालिकाच धोक्यात आली, कारण विद्युत् प्रवाहाने सूक्ष्म चुंबकीय मापने दूषित होतात. तेव्हाचे संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी अलिबाग येथे अचुंबकीय सामग्रीची नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आल्याने जुन्या व नव्या नोंदी परस्परांशी जोडता आल्या. १९७१ पासून ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे.

पूर्वानुमानाची मर्यादा अद्याप कायम आहे. सूर्यावरील उद्रेक एकदोन दिवस आधी कळतो. परंतु त्याबरोबर येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असल्यासच प्रबळ वादळ होते. ही दिशा पृथ्वीपासून सु. १५ लाख किमी. अंतरावरील यानांना, म्हणजे जेमतेम तासभर आधी, निश्चितपणे मोजता येते. भारताचे आदित्य-एल१ जानेवारी २०२४ मध्ये तेथे पोहोचले. मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथे तांबड्या प्रकाशाची छायाचित्रे घेण्यात आली. डोळ्यांस अंधुक भासणारा असा प्रकाश दीर्घ उद्भासनाने टिपता येतो. तथापि १८५९ सारखे वादळ पुन्हा आल्यास वीजजाळे व उपग्रह यांना कितपत धोका संभवतो, हे ठरविताना कुलाब्याच्या जुन्या नोंदींचाच आधार घ्यावा लागतो.