अडलेली वाट : एल्व्हा नदी आणि तिचे मासे

नदीला बांध घालून वीज निर्माण करण्याची विद्या विसाव्या शतकाच्या आरंभीं मोठ्या प्रतिष्ठेला पोंचली. धूर नाहीं, कोळसा नाहीं; वरून पडणाऱ्या पाण्याच्या बळावर चक्रें फिरतात आणि शहरें उजळतात. परंतु नदी म्हणजे केवळ वाहतें पाणी नव्हे. तिच्यांतून वर-खालीं जाणाऱ्या जिवांची ती वाटहि असते. ही वाट अडविली असतां काय होतें, याचा हिशेब अमेरिकेच्या वायव्य टोकावरील एल्व्हा नांवाच्या लहानशा नदीनें शंभर वर्षांत मांडून दाखविला आहे.

एल्व्हा ही वॉशिंग्टन राज्यांतील ऑलिंपिक पर्वतांत उगम पावते आणि सुमारें ४५ मैल वाहून उत्तरेकडील सामुद्रधुनीस मिळते. पॅसिफिक महासागरांतील सॅमन माशाच्या पांचहि जाती तिच्यांत येत. सॅमन गोड्या पाण्यांत जन्मतो, लहानपणीं समुद्रांत उतरतो, तेथें वाढतो आणि प्रजोत्पादनाची वेळ आली म्हणजे बहुधा आपल्या जन्मनदीकडेच परततो. आपल्याकडील पाला मासाहि अंडीं घालण्यासाठीं समुद्रांतून नदींत चढतो, प्रकार तोच. पण पॅसिफिक सॅमन अंडीं घालून झाल्यावर प्राण सोडतो, आणि त्याच्या कुजणाऱ्या देहावाटे समुद्रांतील सत्त्व थेट अरण्यापर्यंत जातें. नदीकाठच्या क्लॅलम लोकांचें अन्न, विधि आणि कथा यांचा आधार हाच मासा होता. १८५५ च्या तहान्वयें त्यांनीं आपली भूमि सोडली, परंतु नेहमींच्या ठिकाणीं मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला.

१९१० सालीं थॉमस ॲल्डवेल या उद्योजकानें नदीच्या मुखापासून अवघ्या पांच मैलांवर धरणाचें काम सुरू केलें. माशांना वाट ठेवल्यावांचून नदी अडवूं नये, असा कायदा त्या राज्यानें १८९० सालींच केलेला होता. तरीहि येथें माशांसाठीं पायऱ्या ठेवण्यांत आल्या नाहींत. १९१२ च्या ऑक्टोबरअखेर धरण तळाशीं फुटलें, कारण त्याचा पाया खडकापर्यंत नेलेला नव्हता. पाण्याचा लोंढा खालच्या क्लॅलम वस्तीवर आला. भगदाड बुजवून १९१३ सालीं १०८ फूट उंचीचें हें धरण पुरें झालें.

कायद्याचा प्रश्न तेवढा उरला. राज्याच्या मत्स्य-आयुक्तानें त्यावर तोड सुचविली : मासे वर जात नसतील, तर धरणापाशींच त्यांचीं अंडीं घेऊन पिलें वाढविणारें केंद्र काढावें. १९१५ मध्यें कायदाहि तसा वळविण्यांत आला. केंद्र निघालें खरें. पण १९२२ सालीं तें बंद झालें. वाटेच्या बदल्यांत दिलेलें वचन सात वर्षांत संपलें. भिंत मात्र उभी राहिली. १९२७ मध्यें आणखी वर, ग्लाइन्स कॅन्यन येथें, २१० फुटांचें दुसरें धरण झालें.

या विजेनें पोर्ट अँजेलिस गांव वाढलें, गिरण्या चालल्या. हा लाभ खोटा नव्हता. पण सत्तर मैलांहून अधिक प्रवाह माशांना बंद झाला. शिवाय वाळू आणि गोटे धरणामागें अडकले. सॅमनची मादी बारीक खडींत खळगा करून अंडीं घालते. ती खडीच खालीं येईनाशी झाली. उन्हाळ्यांत तलावाचें तापलेलें पाणी खालीं येऊन रोग बळावले. एका अंदाजाप्रमाणें पूर्वीं वर्षाला सुमारें ४ लाख मासे येत. पुढें ते कांहीं हजारांवर आले. मुखापाशीं गाळ न पोंचल्यानें किनारा झिजला आणि क्लॅलम लोकांच्या शिंपल्यांच्या जागाहि गेल्या.

या लोकांनीं आपला हक्क सोडला नाहीं. धरणांच्या परवान्यांचा प्रश्न निघाला, तेव्हां धरणें काढावींत अशी मागणी त्यांनीं लावून धरली. १९९२ सालीं अमेरिकन काँग्रेसनें नदी पूर्ववत् करण्याचा कायदा केला. २००० सालीं सरकारनें दोन्ही धरणें विकत घेतलीं. सप्टेंबर २०११ मध्यें पाडकाम सुरू झालें. खालचें धरण २०१२ मध्यें आणि वरचें २०१४ मध्यें नाहींसें झालें. साठलेल्या सुमारें २ कोटि घनमीटर गाळापैकीं बराचसा मोकळा झाला. नदी कांहीं काळ गढूळ राहिली, मुखापाशीं मात्र पुन्हां वाळूचा किनारा तयार झाला. तलावाचें पाणी ओसरल्यावर क्लॅलम लोकांच्या कथांतील त्यांचें उत्पत्तिस्थानहि उघडें पडलें.

२०१२ सालींच सॅमन जुन्या धरणाच्या जागेपलीकडे दिसले. त्याहून नवल ट्राउट माशाचें. धरणांमागें शंभर वर्षें कोंडलेल्या या माशाचे वंशज वाट उघडतांच समुद्रांत उतरूं लागले आणि मोठे होऊन परतूं लागले. त्यांची प्रवासाची प्रवृत्ति बंदिवासांत मेलेली नव्हती. नदी सांवरावी म्हणून २०११ पासून मासेमारी बंद होती. ऑक्टोबर २०२३ मध्यें क्लॅलम लोकांनीं मुक्त एल्व्हांत प्रथमच आपल्या विधींसाठीं व निर्वाहासाठीं सॅमन धरला. पूर्वींची संख्या अद्याप आलेली नाहीं.

दोन भिंती बांधण्यास कांहीं वर्षें लागलीं. पाडण्यास जवळजवळ तीन. त्या पाडाव्यात हें ठरण्यास मात्र पाऊण शतकाहून अधिक काळ गेला. १८९० चा साधा कायदा त्या वेळीं पाळला असता, तर त्यांतील पुष्कळ काळ आणि माशांच्या कित्येक पिढ्या वांचल्या असत्या.