नास्तिक आणि अज्ञेयवादी

१. नास्तिक : शास्त्रपरंपरेत या शब्दाचा अर्थ वेदप्रामाण्य नाकारणारा. म्हणून जगाला कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक आस्तिक, तर बौद्ध, जैन व चार्वाक नास्तिक ठरतात. आजच्या मराठीत मात्र देव नाही असे मानणारा तो नास्तिक. देवाला कौल लावणारा आस्तिक. देव आहे की नाही हे कळणे शक्य नाही, असे म्हणणारा अज्ञेयवादी. या भूमिकेसाठी इंग्रजी संज्ञा थॉमस हक्स्लीने १८६९ मध्ये घडवली. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) बौद्ध असल्याने जुन्या अर्थी नास्तिक. पण धर्महीन मुळीच नव्हेत. या प्रकरणात वाचकांनी ‘नास्तिक’ हा शब्द आजच्याच अर्थाने घ्यावा. — संपा.